डिकीत खुर्ची बसते का?



कोजागरीच्या कार्यक्रमात मसाला दुधाचा पेला हातात असताना मला एकाच संध्याकाळी तिघांनी विचारलं, "काय रे, गाडी घेतोयस म्हणे. मग क्रेटा की ग्रँड विटारा?" सॉफ्टवेअरमधल्या माणसाला मोबाइलपासून मिक्सरपर्यंत सगळं कळतं, असा आपल्या मंडळात एक समज आहे. या सदरामुळे तो थोडा मीच वाढवलाय. त्या तिघांना मी दूध संपेपर्यंत छान उत्तर दिलं, आकड्यांसकट. ते उत्तर माझ्यापुरतं चुकीचं निघालं. म्हणून या वेळी तोच विषय.

आमची जुनी हॅचबॅक अकरा वर्षांची झाली. घरात माणसं पाच: आई, बाबा, आम्ही दोघं आणि पहिलीतली लेक. आईला संधिवात आहे. घरात ती काठी घेऊन फिरते, पण पन्नास पावलांच्या पुढे व्हीलचेअर लागते. रोजचं माझं ऑफिस कुकटपल्लीहून चौदा किलोमीटर, आठवड्यातून तीन दिवस. वर्षातून चार-पाच वेळा नांदेड, कारण ते आईचं माहेर. तिथला रस्ता आता संगारेड्डीवरून देगलूरमार्गे चांगला झालाय. वर्षाचं सगळं रनिंग मिळून नऊ हजार किलोमीटरच्या आसपास येतं. बाबांच्या डायरीत पेट्रोल भरल्याची प्रत्येक नोंद असल्यामुळे हा आकडा अंदाजाचा नाही.

सवयीप्रमाणे मी एक्सेल शीट उघडली. एकवीस मुद्दे, प्रत्येकाला महत्त्वाप्रमाणे वजन, दोन्ही गाड्यांना दहापैकी गुण, खाली बेरीज. बाहेरची मापं पाहिली तर दोघी जवळजवळ बहिणीच आहेत. क्रेटा ४,३३० मिलिमीटर लांब, विटारा ४,३४५. रुंदीत पाच मिलिमीटरचा फरक. दोघींच्या वरच्या व्हेरिएंटला मोठं सनरूफ. सहा एअरबॅग क्रेटाला सगळ्या व्हेरिएंटमध्ये आधीपासून होत्या, विटारानेही २०२५ मध्ये त्या सगळीकडे दिल्या. त्यामुळे खरा फरक बॉनेटखाली होता आणि माझ्यातल्या इंजिनिअरला तिथेच रस होता.

ग्रँड विटारा सप्टेंबर २०२२ मध्ये आली. तिची स्ट्राँग हायब्रिड म्हणजे टोयोटाचं तंत्र. गाडी बनतेही टोयोटाच्याच बिडदीच्या कारखान्यात. दीड लिटरचं तीन सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, जोडीला ८० पीएसची इलेक्ट्रिक मोटर, दोघांची एकत्र ताकद ११५ पीएसच्या थोडी वर. इंजिन अ‍ॅटकिन्सन सायकलवर चालतं. म्हणजे हवा आत घेणारा व्हॉल्व्ह जरा जास्त वेळ उघडा राहतो, पेट्रोल वाचतं, पण खालच्या वेगात ओढ कमी पडते. ती कमी मोटर भरून काढते. ब्रेक मारला की मोटर उलट जनित्रासारखी चालते आणि एरवी डिस्कपॅडमध्ये उष्णता होऊन वाया जाणारी ताकद बॅटरीत जाते. ही बॅटरी किती मोठी असेल? पाऊण युनिटच्या आसपास, ०.७६ किलोवॉटअवर. क्रेटाची जी पूर्ण इलेक्ट्रिक आवृत्ती २०२५ च्या जानेवारीत आली तिची मोठी बॅटरी ५१.४ ची आहे. म्हणजे हायब्रिडची बॅटरी ही तिजोरी नव्हे, वरखर्चाचं पाकीट आहे. दर सिग्नलला थोडं भरतं, थोडं रिकामं होतं. म्हणूनच या गाड्या आपल्या ट्रॅफिकमध्ये फुलतात आणि हायवेला त्यांचा फायदा आटतो.

समोर क्रेटा. २०१५ पासून आपल्या रस्त्यांवर, २०२० मध्ये नवी पिढी, २०२४ च्या जानेवारीत नवा चेहरा. मी बघत होतो ते दीड लिटरचं साधं पेट्रोल, ११५ पीएस, आयव्हीटी ऑटोमॅटिक. तिचं डिझेलही आहे, २५० न्यूटन मीटरचं, आणि लांब जाणाऱ्याला ते भुरळ घालतं. पण ऑफिसच्या चौदा किलोमीटरमध्ये बावीस सिग्नल असले तर आजचं डिझेल घेताना दहा वेळा विचार करावा. धुरातली काजळी पकडणारा जो फिल्टर असतो, तो साफ व्हायला गाडी बराच वेळ सलग, तापून पळावी लागते. माझी पळणार ती शनिवारी, तीही बायकोने भाजी आणायला पाठवलं तर. डिझेल तिथेच बाद झालं.

आता पैसे. कंपनीचा आकडा हायब्रिडला लिटरमागे २७.९७ किलोमीटर, क्रेटा आयव्हीटीला १७.७. हे आकडे प्रयोगशाळेत रोलरवर, ठरलेल्या चढउताराच्या वेगाने गाडी चालवून काढतात. तिथे मियापूरचा चौक नसतो. ऑफिसातल्या ज्यांच्याकडे या गाड्या आहेत त्यांना विचारून मी हायब्रिडला २१ आणि क्रेटाला १२.५ धरले. पेट्रोल १०७ रुपये. नऊ हजार किलोमीटरला हायब्रिडचे सेहेचाळीस हजार, क्रेटाचे सत्त्याहत्तर हजार. वर्षाला एकतीस हजारांची बचत.

बाबांनी हे ऐकल्यावर विषय संपलाच होता. "एकतीस हजार! अरे, माझा पहिल्या वर्षाचा पगार नव्हता एवढा."

पण दुसरी बाजूही मांडायला हवी. माझ्या हातात आलेल्या कोटेशनांत हायब्रिड ऑन-रोड जवळपास दोन लाखांनी महाग होती. हे दोन लाख नऊ टक्क्यांच्या पाच वर्षांच्या कर्जातून आले तर व्याजासकट दोन लाख एकोणपन्नास हजार होतात. त्याला एकतीसने भागा. आठ वर्षं. त्या आठ वर्षांनंतर बचत सुरू, आणि हायब्रिड बॅटरीची वॉरंटीही आठ वर्षं किंवा एक लाख साठ हजार किलोमीटर. रनिंग वर्षाला अठरा हजार असेल तर मात्र हेच गणित चार वर्षांत सुटतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी बदलला तेव्हा या आकाराच्या साध्या पेट्रोल आणि हायब्रिड दोन्ही गाड्या ४० टक्क्यांत आल्या. हायब्रिडला आधी करात जो थोडा फायदा होता, तो त्यात संपला.

एवढं असूनही माझी शीट हायब्रिडकडे झुकत होती. कारण मी ती चालवून आलो होतो. मंडळी, सकाळी दहा वाजता कोंडापूरच्या गर्दीत ती गाडी निव्वळ मोटरवर सरकते तेव्हा आत इतकं शांत असतं की शेजारच्या रिक्षावाल्याचं फोनवरचं भांडण शब्दन् शब्द कळतं. फ्लायओव्हरवर जोरात पाय दिला तर तीन सिलिंडरचा आवाज आत येतो, पण किती वेळ? दहा सेकंद. क्रेटा त्या मानाने सरळ, गुळगुळीत, काही वेगळं न करणारी. एकवीस मुद्द्यांची बेरीज: हायब्रिड ७८, क्रेटा ७४. कोजागरीला तिघांना मी हेच सांगितलं.

शीटमध्ये एक मुद्दा "डिकी" असा होता. त्याला मी शंभरपैकी तीन गुणांचं वजन दिलं होतं.

घरी आल्यावर जेवताना मी बेरीज सांगितली. लेकीने विचारलं, "सनरूफ आहे ना?" तिच्या शीटला एकच ओळ आहे. (सनरूफमधून मुलांना उभं करून गाडी चालवणारे आईबाप आपल्यातही दिसतात. कृपा करा.) बायको म्हणाली, "आणि आईंची खुर्ची?" मी म्हटलं, बसेल की, एवढी मोठी गाडी. आई पोळीचा तुकडा मोडत म्हणाली, "माझ्या खुर्चीचं काय घेऊन बसलात. लांब मी कुठे येते आता."

हे वाक्य ती दोन वर्षं म्हणत होती आणि मी ते खरं धरून चाललो होतो. गेल्या वर्षी नांदेडला तिच्या भाच्याचं लग्न होतं. हॅचबॅकमध्ये खुर्ची ठेवायची तर मागची सीट पाडावी लागते, मग पाचपैकी दोघं रेल्वेने. ती म्हणाली, तुम्ही जाऊन या, मला तेवढं बसवत नाही. आम्ही गेलो. परत आल्यावर तिने फोटो तीनदा पाहिले होते आणि "मंडपात सपाट होतं का रे सगळं?" एवढंच विचारलं होतं. बायकोने त्या रात्री मला याची आठवण करून दिली. "त्यांना बसवत नाही असं नाही. गाडीत जागा कुणाला सोडावी लागेल ते त्यांनी मोजलं होतं."

दुसऱ्या शनिवारी मी आईची खुर्ची घेऊन शोरूमला गेलो. आई-बाबांनाही नेलं. सेल्समन हसला. "साब, खुर्ची लेके आए?" मी म्हटलं, हौ, हीच तर बसवायची आहे.

इथे डिकीच्या लिटरचं थोडं सांगतो, कारण मला ते तेव्हाच नीट कळलं. डिकी मोजण्याची जी नेहमीची पद्धत आहे तिच्यात वीस बाय दहा बाय पाच सेंटिमीटरचे, एकेक लिटरचे ठोकळे रचतात आणि किती मावले ते मोजतात. ठोकळे कोपऱ्यात, खाचेत, चाकाच्या फुगवट्यामागे कुठेही जातात. आईची खुर्ची जात नाही. घडी घालून, पाय ठेवायच्या पट्ट्या काढल्या तरी ती नव्वद सेंटिमीटर बाय ऐंशी आणि तीस जाड असा एक अख्खा, न वाकणारा, सोळा किलोचा डाग आहे. तेव्हा लिटर विचारू नयेत असं नाही, पण डिकीचा तळ सपाट आहे का, तोंड किती रुंद आणि कडा जमिनीपासून किती उंच, हे टेप लावून बघावं.

क्रेटाची डिकी ४३३ लिटर. विटाराच्या साध्या पेट्रोल गाडीची ३७३. आणि स्ट्राँग हायब्रिडची २६५ च्या आसपास, कारण ती बॅटरी डिकीच्या तळाखाली बसते आणि तळ वर उचलला जातो. यात चूक कुणाची नाही. पाऊण युनिट का होईना, ते कुठेतरी ठेवायचंच. सीएनजीवाल्यांना हे आपल्याहून आधी माहीत आहे. वडोदऱ्याचा माझा मावसभाऊ दहा वर्षं टाकीवर बॅगा रचत गावी जातोय.

क्रेटात खुर्ची आडवी झोपवली. पार्सल ट्रे काढावा लागला, पण दार बंद झालं आणि खुर्चीवर दोन मऊ बॅगा राहिल्या. हायब्रिडमध्ये तीच खुर्ची मागच्या सीटजवळच्या उंचवट्यावर तिरकी उभी राहिली. उलटी करून, चाकं बाहेरच्या बाजूला घेऊन, तीन प्रकारे पाहिलं. मागच्या सीटचा छोटा भाग पाडला की ती आरामात बसते. पण तो छोटा भाग म्हणजे आमच्या घरी एक माणूस.

सेल्समन म्हणाला, "साब, ऊपर कॅरियर लगा लो." सोळा किलो डोक्यावर उचलून टपावर कोण ठेवणार? मी नसलो तर बाबाच ना. मी बाबांकडे पाहिलं. ते काही न बोलता क्रेटाच्या डिकीतून खुर्ची बाहेर काढत होते. मग परत आत ठेवली. पुन्हा काढली. अडुसष्टाव्या वर्षी कंबरेचा पट्टा लावून हा माणूस दोन वर्षं ही खुर्ची दवाखान्यात उचलत होता आणि माझ्या शीटमध्ये त्याच्यासाठी एकही ओळ नव्हती. तिसऱ्यांदा खुर्ची आत गेल्यावर ते म्हणाले, "ही बरी आहे. आत सरकवता येते."

"आणि एकतीस हजार?" मी विचारलं.

"कमी फिर," बाबा म्हणाले.

मग आईला बसवून पाहिलं. तिच्यासाठी पुढची डावी सीट, पूर्ण मागे सरकवून. हॅचबॅकमध्ये तिला खाली बसावं लागायचं आणि उठताना दोघांचा हात लागायचा. या उंचीच्या गाडीत ती आधी पाठमोरी टेकते आणि मग पाय आत घेते. याबाबतीत दोन्ही गाड्यांत बोटभराचा फरक असेल. महत्त्वाचं निघालं ते वेगळंच: दार पूर्ण उघडलं तरच खुर्ची सीटला लागून उभी करता येते. आमच्या अपार्टमेंटच्या स्टिल्टमध्ये माझ्या जागेच्या डावीकडे खांब आहे. मी खालच्या मजल्यावरच्या रेड्डीगारूंना जागा बदलून मागितली. त्यांनी कारण विचारलं, ऐकलं आणि त्याच दिवशी स्कूटर हलवली.

तुमच्यापैकी कुणी म्हणेल, मग विटाराची साधी पेट्रोल का नाही? पाहिली. चांगली गाडी आहे, हलकी आहे, आणि ज्यांना चारही चाकांना ताकद हवी त्यांना ती तीत मिळते. पण हायब्रिडचाच फायदा सोडायचा तर दोन साध्या पेट्रोल गाड्या समोरासमोर येतात. एकीचे १०३ पीएस, दुसरीचे ११५. एकीची डिकी ३७३, दुसरीची ४३३. पाच माणसं, खुर्ची आणि बॅगा घेऊन जायचंय म्हटल्यावर मला फार विचार करावा लागला नाही.

ज्यांचं रनिंग भरपूर आहे, सगळं शहरात आहे, घरात माणसं तीन-चार आहेत आणि डिकीत फारतर ऑफिसची बॅग आणि भाजी जाते, त्यांनी हायब्रिड जरूर घ्यावी. मी तेच घेतलं असतं. कोजागरीच्या तिघांपैकी एकजण रोज पटानचेरूहून उप्पलला जातो. त्याला दिलेला सल्ला मी मागे घेत नाही. उरलेल्या दोघांनी मला फोन करावा.

बुकिंग करताना काय झालं तेही सांगतो, कारण ते कुठल्याही गाडीला लागू आहे. कोटेशनमध्ये शोरूमने आपला इन्शुरन्स, बत्तीस हजारांचं अ‍ॅक्सेसरी किट आणि "हँडलिंग" अशी एक ओळ घुसवली होती. इन्शुरन्स बाहेरून घेता येतो. तो आपला हक्क आहे, फक्त तिथे उभं राहून शांतपणे म्हणावं लागतं. नव्या कारला थर्ड पार्टी कव्हर तीन वर्षांचं घ्यावंच लागतं, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं मात्र एकेक वर्षाचं घेतलं तरी चालतं. बाहेरचं कोटेशन दाखवल्यावर त्यांचा आकडा एकोणीस हजारांनी खाली आला. हँडलिंगची ओळ, "ये क्या है?" असं दोनदा विचारल्यावर, आपोआप नाहीशी झाली. आणि दहा लाखांवरच्या गाडीवर जो एक टक्का टीसीएस कापतात तो खर्च नव्हे. रिटर्न भरताना तो आपल्या करात वळता होतो. पावती जपून ठेवा. मागच्या खेपेला आपल्या मंडळातल्या एका काकांनी ती गाडीच्या पूजेच्या हारासकट फेकून दिली होती.

शीट अजून लॅपटॉपवर आहे. त्यात डिकीचं वजन तीनवरून तीस केलं तर क्रेटा पुढे जाते. म्हणजे आकडा मला हवा तिथे नेता येतो, हे आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत असतं. फक्त तीन हा आकडा मी कुणालाही न विचारता टाकला होता, एवढं खरं.

डिलिव्हरी डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सांगितली आहे. बाबांनी नवी डायरी आणून पहिल्या पानावर तारीख, किलोमीटर, लिटर, रुपये असे चार रकाने आखून ठेवलेत. संक्रांतीनंतर नांदेडला दादामामाची पंच्याहत्तरी आहे. परवा मी ऑफिसातून आलो तेव्हा आई फोनवर त्याच्याशीच बोलत होती. "माडीवरची खोली नको रे दादा. खालची ठेव. आणि हॉलला पायऱ्या किती आहेत ते नीट मोजून सांग, आम्ही पाच जण येतोय."